मागच्या चाकाचं ऐका

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

भाकऱ्या उरकल्या असतील, चुलीपुढं किंवा ओसरीवर रेडिओ लावून बसला असाल. आज आम्ही बचत, व्याज, कर्जाचा हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते गाडीच्या ब्रेकवर, आणि तेही मागच्या चाकाच्या. तुम्ही म्हणाल, हे काय बायकांचं काम आहे? आम्हीही असंच म्हणत होतो. म्हणूनच आंबोलीच्या घाटात आमच्यावर जी वेळ आली ती आली. ती तुमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

आमचा गट आजरा तालुक्यातला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तुम्हाला ठाऊक आहेच. त्याचा वास घरभर पसरतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हा तांदूळ, नाचणीचे पापड आणि काजू आम्ही खाली सावंतवाडीला नेऊन विकतो. आधी टेम्पो भाड्यानं घ्यायचो. भाड्यातच नफा जायचा. मग गटानं कर्ज काढून एक जुनी मारुती व्हॅन घेतली. गटातल्याच एक वहिनी गाडी शिकल्या, लायसन्स काढलं, आणि आमचा माल आमच्याच गाडीतून जाऊ लागला. त्या दिवशी आम्हाला कोण अभिमान वाटला होता!

पण गाडी घेताना आम्ही पेट्रोलचा हिशेब धरला, विम्याचा धरला, टायरचाही धरला. ब्रेकचा हिशेब कोणीच धरला नाही. ब्रेक लागतोय ना, मग झालं.

आता घडलं काय ते सांगतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढात गाडी तीन-चार दिवस दारात उभी राहिली. अंगण उताराचं, म्हणून हँडब्रेक ओढून ठेवलेला. चौथ्या दिवशी गाडी हलेना. मागचं डावं चाक जाम. वहिनींनी क्लच सोडून जोर दिला तसा ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाडी सुटली. आम्ही म्हणालो, सुटली ना, चला.

त्यानंतर गटातल्या एक काकू दर फेरीला म्हणायच्या, “काय तर जळतंय बघा.” काकूंची जागा नेहमी मागं, पोत्यांच्या शेजारी. आम्ही पुढं बसणाऱ्या. आम्हाला वास यायचा नाही. आम्ही म्हणायचो, “काकू, क्लचचा वास असंल. घाट चढून आलोय ना.” एकदा त्या म्हणाल्या, “उतरल्यावर चाकाजवळ उभी ऱ्हायले तर चुलीजवळ उभं ऱ्हाल्यागत वाटलं.” त्यावर आम्ही हसलो. मैत्रिणींनो, ते हसणं आता आठवलं की मान खाली जाते.

मधे एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. ब्रेकचं ऑइल कमी झालंय म्हणाले, भरून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा कमी. पुन्हा भरलं. ऑइल जातं कुठं, हे त्यांनी पाहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरात तेलाची बरणी दर आठवड्याला आपोआप रिकामी व्हायला लागली, तर आपण खाली हात फिरवून बघतोच ना, कुठून गळतेय ते? गाडीच्या बाबतीत ते सुचलं नाही.

आणि मग तो दिवस. गाडीत तांदळाची पोती, पापडाचे डबे आणि आम्ही चौघी. आंबोली मागं पडली, धबधबा गेला, उतार सुरू झाला. एका वळणाच्या आधी वहिनींनी ब्रेक दाबला आणि पाय खाली जातच राहिला. त्या ओरडल्या नाहीत. भराभर दोन-तीनदा पेडल मारलं, तेव्हा थोडा ब्रेक लागला. गिअर तिसऱ्यावर आणला, मग दुसऱ्यावर. इंजिन गुरगुरलं, वेग कमी झाला. हँडब्रेक ओढला तर तोही पुरता धरेना. शेवटी त्यांनी गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाक गटारात घालून थांबवली. काकू सगळ्यात आधी उतरल्या आणि चाकाखाली दगड लावले.

कोणाला खरचटलंही नाही. पण खरी परीक्षा त्यानंतर होती. खाली दुकानदार मालाची वाट बघत होता. उशीर झाला तर पुढची ऑर्डर जाईल अशी भीती. तेव्हा आम्हीच, म्हणजे जे गटाचे हिशेब लिहितो, बैठका घेतो, तेच म्हणालो, “आता पेडल मारल्यावर लागतोय ना? पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरू.” वहिनींनी किल्ली काढून काकूंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मी न्हेणार न्हाई. तुम्हाला न्ह्यायची असंल तर काकूंकडनं किल्ली घ्या.” काकूंनी किल्ली कनवटीला लावली. विषय संपला.

तांदूळ एका टेम्पोनं खाली गेला. भाडं गेलं, त्या फेरीचा नफा गेला. गाडी उचलून परत आणावी लागली, त्याचे वेगळे पैसे. पण दुसऱ्या दिवशी चाक उघडल्यावर आत जे दिसलं, त्यावरून कळलं की हळूहळू उतरण्याइतकाही ब्रेक त्या गाडीत उरला नव्हता.

आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींना आम्ही म्हणालो, “काम तुम्ही करा, पण आम्ही शेजारी बसून बघणार आणि विचारणार.” ते म्हणाले, “बघा की.” त्या दिवशी जे शिकलो ते आता तुम्हाला सांगतो.

पहिल्यांदा मागचा ब्रेक कसा असतो ते समजून घेऊ. जुन्या व्हॅनला, जुन्या छोट्या गाड्यांना मागं ड्रमचा ब्रेक असतो. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्रासारख्या दोन पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. शूवर घासणारा थर असतो, तो लायनर. आपण पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून मागं जातो. तिथं व्हील सिलिंडर नावाची बोटभर लांबीची नळकांडी असते. तिच्यातले दोन पिस्टन बाहेर सरकतात, शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासतात. चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंगा शू परत ओढून घेतात. हँडब्रेकसुद्धा हेच शू फाकवतो, फक्त ऑइलनं नाही, तर तारेच्या केबलनं.

एवढं कळलं की आमच्या गाडीचं दुखणं ओळीनं उलगडतं. पावसात हँडब्रेक ओढून ठेवला, ड्रम आणि लायनर ओले राहून गंजले आणि एकमेकांना चिकटले. शिवाय केबलमध्ये पाणी जाऊन तीही गंजली. आम्ही जोर देऊन चाक सोडवलं, पण गंजलेली केबल पूर्ण मागं येईना. शू ड्रमला थोडे टेकूनच राहिले. म्हणजे ब्रेक न लावताही लागलेलाच. म्हणून चाक तापलं, म्हणून वास आला. काकूंना चुलीची आठवण झाली ती उगीच नाही. त्या उष्णतेनं व्हील सिलिंडरमधली रबरं कडक झाली आणि ऑइल गळायला लागलं. ते ऑइल थेट लायनरवर. तेलकट लायनर ड्रमला धरत नाही, तव्यावर तेल सोडल्यावर घावन सरकतो तसा. ऑइल गळालं म्हणून पेडल खाली गेलं आणि लायनर तेलकट झाले म्हणून हँडब्रेकही धरेना. दुखणं एक, लक्षणं चार.

आता चाक उघडताना काय करतात ते ऐका. आपल्याला स्वतः करायचं नसलं, तरी समोरचा नीट करतोय की नाही हे कळलं पाहिजे.

गाडी सपाट जागी उभी करायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, कारण मागचं काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मग जॅक लावायचा. आणि नुसत्या जॅकवर कधी विश्वास ठेवायचा नाही. खाली पक्का स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. विटा रचून तर मुळीच नाही. वीट सांगून फुटत नाही.

चाक निघालं की ड्रम काढायचा. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीनं आवळले की ड्रम पुढं ढकलला जातो. घणाचे घाव घालायचे नाहीत, ड्रम तडकतो. तरी अडकला तर आत लायनरचं अ‍ॅडजस्टर ढिलं करावं लागतं.

ड्रम निघाल्यावर आत काळी भुकटी दिसते. ती फुंकायची नाही, कंप्रेसरच्या हवेनंही उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की कायमचं नुकसान करते. तोंडाला मास्क लावायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. लेकरं तर जवळ नकोतच.

मग एकेक गोष्ट बघायची. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या असतात. त्या हळूच उचलून बघायच्या. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. पातळ, पाण्यासारखं असेल तर ते ब्रेक ऑइल. आमच्या व्हॅनसारखं ज्या गाडीचं मागचं चाक इंजिन फिरवतं, तिथं दुसरीही गळती असते. ती ॲक्सलच्या ऑइल सीलमधून येते. ते ऑइल घट्ट, चिकट आणि उग्र वासाचं. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून नुसतं ‘ऑइल गळतंय’ म्हणून भागत नाही, कोणतं ते विचारायचं.

लायनर किती उरलेत ते बघायचं. दीड-दोन मिलिमीटरवर आले असतील तर बदलायचे. आणि ऑइल प्यायलेले लायनर जाड असले तरी बदलायचेच. पेट्रोलनं धुऊन, जाळून, घासून ते परत घालणारे मिस्त्री असतात. वरून कोरडे दिसतात, पण गरम झाले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

लायनर बदलायचे ते दोन्ही चाकांचे एकदम. एका बाजूला नवे, दुसऱ्या बाजूला जुने, असं केलं तर दोन्ही चाकं सारखी धरत नाहीत आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून सरकते. पण खोलायचं मात्र एका वेळी एकच चाक. म्हणजे स्प्रिंग कुठं होती, कोणता आकडा कुठं अडकवला होता, हे विसरलं तर दुसरीकडं बघता येतं. आम्ही तर मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवला. मिस्त्रींनाही तो एकदा उपयोगी पडला!

ड्रमच्या आत बोट फिरवायचं. खोल चरे पडले असतील तर ड्रम लेथवर घासून घ्यावा लागतो. पण किती घासायचा याला मर्यादा आहे. जास्तीत जास्त व्यास किती चालेल हे बहुतेक ड्रमवर कोरलेलं असतं. त्यापुढं गेला तर नवाच घ्यायचा. मऊ पडलेल्या स्प्रिंगाही बदलून टाकायच्या. शू मागच्या पत्र्यावर जिथं सरकतात तिथं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी टिकलीएवढं लावायचं. लायनरला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. केबल हातानं ओढून बघायची. सुरळीत मागं येत नसेल तर नवी. आमची गेलीच होती.

सिलिंडर बदलला की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. सिलिंडरच्या मागं एक छोटं निप्पल असतं. त्याला पारदर्शक नळी लावायची आणि तिचं टोक थोडं नवं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. एकीनं पेडल दाबून धरायचं. दुसरीनं निप्पल ढिलं करायचं, बुडबुडे निघाले की पुन्हा घट्ट करायचं, आणि मग “सोड” म्हणायचं. तोवर पहिलीनं पाय उचलायचा नाही. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधेमधे वरच्या टाकीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी झाली तर पुन्हा हवा जाते. हे काम आमच्या वहिनी आणि काकूंनी केलं. काकूंचा “दाब... धर... सोड” असा आवाज गल्लीत ऐकू जात होता.

ब्रेक ऑइलबद्दल दोन शब्द. टाकीच्या झाकणावर कोणतं घालायचं ते लिहिलेलं असतं, डॉट 3 किंवा डॉट 4. तेच घालायचं. इंजिनचं ऑइल तिथं चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मिसळलेलं ऑइल घाटात ब्रेक तापल्यावर उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून बाटली उघडी ठेवायची नाही, काढलेलं ऑइल परत घालायचं नाही, आणि साधारण दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून घ्यायचं. ते गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग निघतो.

शेवटी अ‍ॅडजस्ट करणं. आधी ब्रेकचे शू नीट बसवायचे. चाक हातानं फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे, फार तर हलकंसं घासल्याचा आवाज यावा. ते झाल्यावरच हँडब्रेकची केबल लावायची. उलटं करू द्यायचं नाही. हँडब्रेक फार वर येतो म्हणून नुसती केबल ताणून देणारे खूप असतात. लायनर संपलेत हे त्यात झाकलं जातं आणि शू ड्रमला टेकून राहतात. मग आमच्यासारखी चूल पेटते. सगळं जोडल्यावर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर सावकाश चालवून बघायची. मगच माल भरायचा. आणि थोडी चालल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून बघायचे.

मैत्रिणींनो, खर्च आला. दोन महिन्यांची बचत त्यात गेली. बैठकीत कुरबुर झाली. एक ताई म्हणाल्या, “गाडी विकून टाकू.” पण दोष गाडीचा नव्हता. वय झालेल्या माणसाला जपतो तसं जुन्या गाडीला जपावं लागतं. त्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर काकूंची माफी मागितली. काकू म्हणाल्या, “माफी र्‍हाऊ दे. पुढच्या बारीला ऐका म्हंजे झालं.” त्यातूनच आमच्या गटाचे नियम ठरले. ते वहीत लिहिले आहेत, तुम्हीही लिहून घ्या.

एक, आठवड्यातून एकदा ब्रेक ऑइलची पातळी बघायची आणि तारीख घालून लिहायची. भरलं तर किती भरलं तेही. वारंवार कमी झालं तर गळती शोधायची, भरत बसायचं नाही.

दोन, चाकांच्या आतल्या बाजूला ओला डाग आहे का ते बघायचं.

तीन, फेरीहून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, भाजेल. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक अडकतोय.

चार, पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी लावायची, गिअरमध्ये ठेवायची, चाकांना ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा.

पाच, घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरायचं नाही. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन बंद झाल्यावर पेडल दगडासारखं होतं.

सहा, दर महिन्याला बचतीतली थोडी रक्कम गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळी. तिला हात लावायचा नाही.

आणि सातवा नियम सगळ्यात मोठा. गाडीत बसलेली कोणीही बाई, पुढं बसलेली असो की मागं पोत्यांशेजारी, “थांबव” म्हणाली की गाडी थांबवायची. आधी थांबायचं, मग विचारायचं. ऑर्डर असली तरी, उशीर झाला तरी. आणि गाडी न्यायची नाही असं चालवणारी म्हणाली, तर तिला कोणीही जबरदस्ती करायची नाही, गटाच्या ताईंनीसुद्धा नाही.

आपल्या बायकांना वास लवकर कळतो, आवाजातला बदल लवकर कळतो. दूध उतू जायच्या आधी आपण चुलीपाशी पोचतो. मग गाडीतलं कळलं तर गप्प का बसायचं? आपल्याला मशीनमधलं काय कळतं, असं म्हणून आपणच आपल्या कानाला गप्प करतो. तसं करू नका.

तुमच्या गटाकडे गाडी असेल, घरात दिराची, मुलाची जुनी गाडी असेल, किंवा रोज वडापमधून जाता-येता, तर उद्या एकदा उतरल्यावर मागच्या चाकाजवळ क्षणभर उभ्या राहा. काही जळल्याचा वास आला, चूल पेटल्यासारखं वाटलं, तर सांगा. कोणी हसलं तर आमची गोष्ट सांगा.

आमची व्हॅन पुन्हा घाट उतरते. वहिनीच चालवतात. आणि काकू आता पुढं बसतात. मागं आम्ही बसतो, पोत्यांशेजारी, वास घेत.

बरं, येतो आता. पुन्हा भेटू. नमस्कार.